शेवाळाचा कागद

आमच्या वाडीला कालव्याचं पाणी सगळ्यात शेवटी मिळायचं. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कर्जत तालुक्याच्या सखल भागातून फिरवत आणलं होतं, त्यामुळे पावसाळी भात निघालं की लगेच उन्हाळी भात लावता यायचं. आजूबाजूचे लोक त्यासाठी आमचा हेवा करायचे. पण वरच्या गावांची शेतं भिजवून ते पाणी आमच्यापर्यंत येईतो दमून जायचं. छप्पन्न सालानंतर आमची वाडी बौद्धवाडी झाली, घराघरातले जुने देव्हारे गेले, पण पाण्याच्या पाळीत आमचा नंबर होता तिथेच राहिला. कालव्यातून फुटलेल्या चारीच्या शेपटाकडे पाणी इतकं संथ व्हायचं की त्यात शेवाळ माजायचं. बाईच्या मोकळ्या केसांसारखं लांब, हिरवंगार, पण हाताला खरखरीत. उन्हाळ्यात मध्येच पाणी बंद ठेवलं की वाडीतल्या बाया पदर खोचून चारीत उतरायच्या आणि दाताळ्यांनी ते ओढून बांधावर टाकायच्या. त्यात माझी आई पुढे असे.

वडील रेल्वेत गँगमन होते. पळसदरीच्या बाजूला रुळांवर त्यांचं काम चाले. मला शिकवायचं हे त्यांनी माझ्या जन्माआधीच ठरवलं असावं, कारण त्यावर घरात कधी चर्चा झालेली मला आठवत नाही. कर्जतच्या हायस्कुलातून मी मॅट्रिक झाले, पुढे कल्याणला जाऊन-येऊन रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं. निकाल लागला त्याच वर्षी खालापूर तालुक्यातल्या एका कागद गिरणीच्या प्रयोगशाळेत मला मदतनिसाची नोकरी मिळाली. साठचं दशक संपत आलं होतं. खोपोलीच्या शटलने मी रोज जायचे. त्या गाडीत गर्दी नसायची. दुधाच्या रिकाम्या किटल्या, एखादी आजारी म्हातारी, आणि मी.

गिरणीत बांबूचा कागद होई. बांबूचे तुकडे करायचे, ते कॉस्टिक सोड्यात शिजवायचे, धुवायचे, बीटरमध्ये कुटून लगदा करायचा आणि तो पातळ लगदा एका लांब फिरत्या जाळीवर सोडायचा. पाणी जाळीतून खाली गळतं आणि वर ओला कागद उरतो. पुढे तो जाड लोकरी फेल्टवरून, तापल्या फिरत्या रुळांवरून जाऊन वाळतो. शाळेच्या वह्यांना वापरतात तसला साधा, किंचित पिवळट कागद. माझं काम त्याचे नमुने तपासण्याचं. कागद एका यंत्राच्या तोंडावर आवळून बसवायचा, खालून दाब वाढवत न्यायचा आणि तो कुठल्या दाबाला फट्‌कन फुटतो ते बघायचं. सगळा दिवस त्या फट्‌-फट्‌ आवाजात जाई.

प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे आमचे साहेब. मूळचे बेळगावकडचे, पन्नाशीचे, उंच, थोडे वाकलेले. सदऱ्यावर ॲसिडची बारीक भोकं. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नव्हतं. गिरणीच्या क्वार्टर्समध्ये एकटेच राहायचे. हातात कुठलाही कागद आला की त्याचा कोपरा फाडायचा, जिभेला लावून ओला करायचा आणि उजेडात धरून तंतू बघायचे, ही त्यांची सवय. लग्नाच्या पत्रिकेचाही कोपरा फाटायचा. यजमानासमोरच. लोकांना राग यायचा, पण साहेबांच्या तोंडावर इतकं निर्मळ कुतूहल असे की कुणी काही बोलायचं नाही.

त्यांना बांबूचे ट्रक बघवत नसत. ट्रक फाटकातून आत आला की ते खिडकीपाशी जायचे आणि म्हणायचे, “बघ की, कोवळेसुद्धा तोडलेत. बेटं मरतात असल्यानं.” गिरणीमागच्या ओढ्यात काळपट, फेसाळ पाणी जायचं, तेही त्यांना खुपत असे. पण ते नोकरदार होते. खुपतं म्हणून करणार काय?

नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाची गोष्ट असेल. रविवारी मी आईबरोबर बांधावर गेले होते. आधीच्या आठवड्यात बायांनी काढून टाकलेलं शेवाळ उन्हात वाळून पसरलं होतं. वरून पांढुरकं, खालून हिरवट, पायपुसण्यासारखी एक सलग चादर. मी टोक धरून उचललं तर सगळीच्या सगळी वर आली. लहानपणापासून मी ते पाहत होते. आई त्याचे तुकडे कोंबडीच्या खुराड्यात अंथरायची. पण त्या दिवशी पहिल्यांदा माझी बोटं कागद तपासणाऱ्या बाईची बोटं होती. मी एक तुकडा फाडायला गेले आणि तो सहजी फाटेना.

“आय, हे नेऊ का गं मी गिरणीत?”

“ने की. येवढा डोंगर पडलाय. पन घरात आनू नको, इंचवाची पिल्लं असत्यात त्यात.”

सोमवारी तो तुकडा मी साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी सवयीप्रमाणे कोपरा फाडायचा प्रयत्न केला. मग चष्मा कपाळावर सरकवला.

“हे कुणी केलं?”

“कुणी नाही साहेब. आपोआप वाळलंय. कालव्यातलं शेवाळ आहे.”

त्यांनी तुकडा उजेडात धरून पाहिला. मग उठले, स्वतः चंचुपात्र घेतलं, तुकडा त्यात टाकला आणि अगदी सौम्य कॉस्टिक ओतून उकळायला ठेवला. दुपारपर्यंत हिरवं पाणी निघून गेलं होतं. थोड्या ब्लीचिंग पावडरनं उरलासुरला रंगही गेला आणि तळाशी पिंजलेल्या कापसासारखं पांढरंशुभ्र काहीतरी राहिलं. साहेब मला समजावू लागले. समजावणं कसलं, ते स्वतःशीच बोलत होते. लाकडात आणि बांबूत तंतूंना जखडून ठेवणारं एक द्रव्य असतं. ते काढण्यासाठी बांबू इतका वेळ शिजवावा लागतो, आणि तेच काळं होऊन ओढ्यात जातं. शेवाळाला उभं राहायचं नसतं, पाणीच त्याला तोलून धरतं, म्हणून त्यात ते द्रव्यच नाही. “म्हणजे नुसतं सेल्युलोज, अगं! जवळजवळ नुसतं सेल्युलोज! आणि काढलं की पुन्हा उगवतंय म्हणतेस?”

“काढलं नाही तर चारी तुंबते, साहेब.”

ते हसले. त्यांना इतकं मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या रविवारी साहेब आमच्या वाडीत आले. कर्जतपर्यंत गाडीनं, पुढे चालत. गिरणीतला साहेब आपल्या घरी येणार म्हणून आईने सकाळपासून अंगण सारवलं होतं आणि काय बोलावं ते न कळून ती चुलीपाशीच बसून राहिली होती. साहेबांनी ओट्यावर टेकत आपणहून पाणी मागितलं. तांब्या रिकामा केला आणि म्हणाले, “अजून द्या, मावशी.” आई त्यांच्याहून लहान होती. तरी तेव्हापासून ती त्यांची मावशी झाली आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते चारीत उतरले. वाडीतल्या बाया काठावर उभ्या राहून पदराआड हसत होत्या. एकीने विचारलं, “सायब, ह्याचा खरंच कागूद व्हनार?” साहेब हिरव्या हातांनी म्हणाले, “होणार की. का नाही होणार?”

त्या वर्षी बांबू वेळेवर येत नव्हता. त्यामुळे गिरणीच्या मॅनेजरांनी मोठ्या चाचणीला होकार दिला. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. मशीन थोडं थांबलं तरी त्याचा जाब त्यांना मालकांना द्यावा लागे, तरीही त्यांनी अर्धी पाळी आम्हाला दिली. वाडीतल्या बायांनी शेवाळ काढलं, चारीच्या पाण्यात खळबळून माती काढली, कातळावर वाळवलं. आई मुकादम झाली. कुणाच्या ढिगात शंख-शिंपले राहिले, कुणाचं नीट वाळलं नाही, यावर तिचा आवाज दुसऱ्या वाडीपर्यंत जायचा. गिरणीचा ट्रक माल न्यायला आला, तेव्हा सगळ्या बाया रस्त्यापर्यंत आल्या. आमच्या वाडीतून ट्रक भरून काही बाहेर जातंय हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

चाचणीच्या दिवशी साहेब धुवट सदरा घालून आले होते. लगदा पांढरा आणि गुळगुळीत झाला होता. बीटरजवळ मी बोट बुडवून पाहिलं तर दाट खळीसारखा बुळबुळीत लागला. मला शंका आली, पण ती काय आहे हे मला सांगता आलं नसतं. मशीन सुरू झालं. लगदा जाळीवर पसरला आणि पुढे चालला.

पाणी गळेना.

बांबूचा लगदा जाळीवर आला की थोड्याच अंतरावर त्याची चकाकी जाते. पाणी गेल्याची ती खूण. हा शेवटपर्यंत चकाकतच राहिला. जाळीची भोकं बुजली. पुढे फेल्टवर कागद जायच्या ऐवजी पांढरा रबरबीत थर चिकटला, रुळांभोवती गुंडाळला, खाली सांडला. माणसं फावडी घेऊन धावली. मशीनच्या फोरमननी मशीन बंद केलं. सगळी जमीन निसरडी झाली होती. फोरमनच्या कमरेपर्यंतच्या कपड्यांवर लगदा उडाला होता आणि आता ते सगळं साफ करून रात्रपाळीला मशीन द्यायचं त्यांच्यावर आलं होतं. ते मोठ्यानं म्हणाले, “कुठून आणलं होतं हे शेवाळ? त्या वाडीतून ना? मग कागद कसला होतोय!”

काही जण हसले. मी तिथेच होते. साहेबही तिथेच होते. मी साहेबांकडे पाहिलं. ते जाळीकडे बघत उभे राहिले आणि काही बोलले नाहीत. मग हळूच वळून प्रयोगशाळेत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले नाहीत. तब्येतीचं कारण सांगून त्यांनी रजा टाकली होती. मशीनच्या बाजूला, गटाराच्या कडेला सांडलेला थोडा लगदा रुळांच्या उष्णतेने वाळून चिकटला होता. मी तो नखाने सोडवून काढला. ताव कसला, वेडावाकडा तुकडा. पण तेलकट कागदातून दिसतं तसं त्यातून पलीकडचं दिसत होतं, आणि वाजवला तर पत्र्यासारखा वाजला. मी तो माझ्या यंत्रावर लावला. नेहमीच्या कागदाच्या दाबाला तो फुटला नाही. त्याच्या दुपटीलाही नाही. यंत्राचा काटा टोकाला जायला लागला तशी मी घाबरून दाब सोडला.

हे साहेबांना सांगायला हवं होतं. घरी आईला म्हटलं तर ती म्हणाली, “मी बी येते.” फोरमनचं बोलणं ट्रकवाल्याकडून वाडीपर्यंत पोचलं होतं. आईनं त्याविषयी माझ्यापाशी एक शब्द काढला नव्हता, पण त्या दिवसांत वाडीतल्या बाया चारीवर गेल्याच नाहीत.

साहेबांच्या क्वार्टरचं दार उघडंच होतं. ते खुर्चीत बसले होते, दाढी वाढलेली. आम्हाला पाहून गडबडून उठले. आई दाराशीच उभी राहिली.

“आत या, मावशी.”

“हितंच बरं हाय. येक इचारायचं हाय सायब. आमचं शेवाळ घान व्हतं का?”

“नव्हतं.”

“आमी नीट धुतलं नाय का?”

“तुम्ही अगदी नीट धुतलं होतं.”

“मंग का झाला नाय कागूद?”

“मला कळत नाहीये, मावशी,” ते म्हणाले. “इतकी वर्षं ह्यात घालवली, पण मला कळंना झालंय.”

आईने मान हलवली. तिला उत्तर मिळालं नव्हतं, पण माणूस खोटं बोलला नाही एवढं तिने ओळखलं होतं. तिने पिशवीतून वालाच्या शेंगा काढून उंबऱ्यावर ठेवल्या आणि आम्ही निघालो. तो वाळका तुकडा मी त्यांच्या हातात दिला होता. मागे वळून पाहिलं तर ते त्याचा कोपरा फाडायची खटपट करत होते.

रजा संपवून ते परत आले. पुढची दोन-तीन वर्षं वेळ मिळेल तेव्हा आम्ही दोघं हाताने ताव करत राहिलो. निव्वळ शेवाळाचा ताव गाळायला दुपार लागायची. पण बांबूच्या लगद्यात चिमूटभर शेवाळ मिसळलं तर पाणी गळायचं आणि कागद कितीतरी चिवट व्हायचा. साहेबांनी ते मॅनेजरांना दाखवलं. त्यांनी ताव ओढून पाहिला, फुटण्याचे आकडे पाहिले, आणि म्हणाले, “छान आहे. पण पावसाळ्यात काय करायचं? चार महिने तुमचं शेवाळ वाहून जाणार. आणि मशीनचा वेग कमी करावा लागेल तो वेगळाच.” ते म्हणत होते ते खरंच होतं.

मधल्या काळात माझं लग्न झालं, दोन मुलं झाली. मिस्टर कर्जतलाच प्राथमिक शाळेत शिक्षक, त्यामुळे नोकरी चालू राहिली. साहेब निवृत्त झाले. बेळगावला त्यांचं असं कुणी उरलं नव्हतं. नेरळला हवा चांगली म्हणून स्टेशनपासून थोडं आत दोन खोल्या घेऊन ते राहिले. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचे. हळूहळू लक्षात यायला लागलं की चहाचा कप ते चाचपून घेतात. काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती राखायची. ती राखतानाही कमीच होत गेली. तरी हातात कागद दिला की कोपरा फाटायचाच. आता ते फक्त जिभेने आणि बोटांनी बघायचे.

त्यांच्या हाताखाली कधीकाळी शिकलेली एक बाई मुंबईच्या एका संशोधन संस्थेत होती. तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक होता. आपल्या साध्या सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी पलीकडचं त्यात दिसतं, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं. ती एकदा साहेबांना भेटायला नेरळला आली, तेव्हा त्यांनी डब्यात जपून ठेवलेलं धुतलेलं शेवाळ तिला दाखवलं. ती म्हणाली, “सर, या ना घेऊन. मशीन मोकळं असेल तेव्हा बघू.” ऐंशी साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. मी सुट्टी घेतली आणि साहेबांना मुंबईला घेऊन गेले.

खोली थंडगार आणि अंधारी होती. मध्ये माणसापेक्षा उंच लोखंडी खांब, त्याच्या पोटाशी जाड काचेची खिडकी. त्या बाईने शेवाळ पाण्यात घोळवून त्याचा थेंब तांब्याच्या टिकलीएवढ्या जाळीवर घेतला होता. ती बटणं फिरवत राहिली. खिडकीच्या आत हिरवट उजेड पडला.

“सर, बघा,” ती म्हणाली, आणि लगेच गप्प झाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

साहेबांनी माझा दंड धरला. “सांग की. काय दिसतंय?”

मी काचेपाशी वाकले. काय सांगावं?

“साहेब, काड्या आहेत. भाताच्या पेंढ्यासारख्या.”

“वाकड्या? तुटक्या?”

“नाही. सरळ. अगदी सरळ, लांबच लांब. एकीचं टोक शोधायला गेलं तर खिडकीच्या बाहेर जातंय. एकावर एक आडव्यातिडव्या पडल्यात. कुणी मुद्दाम विणायला घेतल्यासारख्या.”

“सुट्या आहेत?”

“सुट्या आहेत. प्रत्येक वेगळी दिसतेय.”

“किती बारीक?”

हे मला सांगता येईना. ती बाई म्हणाली, “सर, एका केसाच्या जाडीत असे हजारो तंतू मावतील.”

साहेब खुर्चीवर बसले. ती बाई सांगत होती, ते ऐकत होते. असे तंतू बांबूतही असतात, पण ते एकमेकांना चिकटून दोर होऊन राहतात. बीटरमध्ये कितीही कुटलं तरी बहुतेक दोर तसेच राहतात, म्हणून त्यांच्यामधून पाणी वाट काढून निघून जातं. शेवाळात जखडून ठेवणारं काही नव्हतं. आमच्या बीटरने त्यातले तंतू मोकळे केले होते. मोकळ्या झालेल्या प्रत्येक तंतूने आपल्याभोवती पाणी धरून ठेवलं आणि जाळीची भोकं बुजवली. तेच तंतू वाळले की एकमेकांना असे बिलगतात की फाडता येत नाहीत.

“म्हणजे लगदा चांगला होता म्हणून पाणी गळलं नाही,” साहेब म्हणाले.

“हो सर. तुमच्या मशीनसाठी फार चांगला होता.”

अशा मोकळ्या तंतूंना आता नॅनोसेल्युलोज म्हणतात. माझी नात याच विषयाच्या आसपास काहीतरी शिकते. शेवाळापासून ते काढायला झाडं तोडावी लागत नाहीत, शेतीची जमीन अडत नाही, म्हणून जगभर त्यावर काम चालतं असं ती सांगते. औषधं, पारदर्शक पडदे, गाळण्या, काय काय करतात म्हणे. तेव्हा आमच्यापाशी हा शब्दही नव्हता. त्या खोलीत एक म्हातारा माणूस खुर्चीत बसून रुमालाने डोळे पुसत होता, आणि त्याला दिसत नसलं तरी डोळ्यांना पाणी येतं याचं मला उगाच नवल वाटत होतं.

परतीच्या वाटेवर नेरळला उतरताना ते म्हणाले, “मला वाडीत घेऊन चल. मावशींनी विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायचंय.”

आम्ही रविवारी गेलो. कर्जतहून टांगा केला, पुढे बांधावरून मी त्यांचा हात धरला. आईला आधी निरोप दिला होता, त्यामुळे बाया जमल्या होत्या. काही जणी म्हाताऱ्या झाल्या होत्या, दोघी-तिघी राहिल्या नव्हत्या, काहींच्या जागी त्यांच्या सुना आल्या होत्या. साहेबांना ओट्यावर खुर्ची मांडली होती, पण ते उभेच राहिले. कुणाकडे बघायचं ते कळत नसल्यामुळे ते थोडे वर, अंगणातल्या आंब्याच्या दिशेने बघत बोलत होते.

“शेवाळात दोष नव्हता,” ते म्हणाले. “तुमच्या कामात तर मुळीच नव्हता. आमचं मशीन त्याच्यासाठी नव्हतं. हे आता कळलंय, मुंबईला जाऊन बघून आलोय.” थोडं थांबून म्हणाले, “त्या दिवशी गिरणीत एक माणूस वाडीबद्दल नको ते बोलला. मी तिथं होतो. मी त्याला गप्प करायला पायजे होतं. केलं नाही. लाज वाटत होती मला, कागद झाला नाही याची. त्या लाजेपायी तोंड शिवलं माझं. ते बरोबर झालं नाही.”

एक म्हातारी म्हणाली, “जाऊ द्या सायब. आमी कवाच इसरलो.” ती विसरली नव्हती. कुणीच विसरलं नव्हतं, आणि साहेबांनाही ते कळत होतं.

आई म्हणाली, “आमाला म्हाईत व्हतं शेवाळ चांगलं व्हतं त्ये. पन तुमी येऊन सांगितलंत, बरं झालं.” मग तिने त्यांना हाताला धरून बसवलं. “जेवून जायचं हाय. वालाचं बिरडं केलंय.”

ते जेवले. त्यानंतर दर उन्हाळ्यात, चारी साफ करायच्या वेळेला ते वाडीत यायचे. मी किंवा माझे मिस्टर त्यांना आणायचो. बाया दाताळ्याने ओढलेलं ओलं शेवाळ त्यांच्या हातात द्यायच्या आणि ते बोटांनी चाचपून सांगायचे, हे जून झालंय, हे कोवळं आहे. कधी चुकायचे. मग बाया त्यांची थट्टा करायच्या. त्यांना ती आवडायची.

गिरणी ऐंशीच्या दशकातच बंद पडली. आम्हा सगळ्यांचे हिशोब झाले, मी कर्जतच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. त्याच्या पुढच्या वर्षी साहेब गेले. सकाळी शेजाऱ्यांना दार बंद दिसलं, त्यांनी मला निरोप पाठवला. नातेवाईक कळवण्यासारखा कुणी नव्हता. मी आईला सांगायला माणूस धाडला आणि नेरळला गेले. दुपारी सगळी तयारी झाली, निघायची वेळ झाली, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक टेंपो येऊन थांबला. मागच्या फाळक्यावरून एकमेकींना हात देत वाडीतल्या बाया उतरल्या. कामावरून तशाच आल्या होत्या, काहींच्या पायांवर चिखल वाळलेला होता. शेजारचे लोक बघत राहिले. इतकी वर्षं एकट्या राहिलेल्या माणसाकडे एवढ्या बायका कुठून आल्या, ते त्यांना कळेना.

शेजारच्या एका गृहस्थांनी आईला विचारलं, “तुम्ही यांच्या कोण?”

आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. “आमी यांच्याबरुबर काम केलंय,” ती म्हणाली, आणि बायांना घेऊन पुढे झाली.